पाळणा सिद्ध करिताना

(शतकमहोत्सवी वर्षात, १८ डिसेंबर २०२५ रोजी सायंकाळी, गर्भवती मातांस आशीर्वाद देण्याच्या प्रसंगी धर्मगुरूंनी केलेले भाषण. स्मरणिका-समितीच्या विनंतीवरून येथे दिले आहे.)



आजचा दिवस आम्ही मुद्दाम निवडिला. इसवी सन ६५६ मध्ये स्पेन देशातील टोलेडो येथे एक धर्मसभा भरली होती. तेथील बिशपांपुढे अशी अडचण होती की, देवदूताने पवित्र मारियेस निरोप दिला त्याचा सण यावयाचा मार्च महिन्यात, म्हणजे बहुधा उपवासकाळात. आणि प्रायश्चित्ताच्या दिवसांत आनंदाचा सण मोकळ्या मनाने साजरा होत नाही. यास्तव त्यांनी तो सण नाताळच्या आठ दिवस आधी, १८ डिसेंबरवर आणून ठेविला. पुढे रोमची वहिवाट तिकडेही रूढ झाली व निरोपाचा सण पुनः २५ मार्चला गेला. तथापि लोकांनी हा दिवस काही सोडिला नाही. या दिवशी ते देवमातेचे स्मरण करीत राहिले, ते तिच्या दिवस भरत आलेल्या अवस्थेचे. स्पेन व पोर्तुगालमध्ये पोट पुढे आलेल्या, पोटावर हात ठेवलेल्या मारियेच्या मूर्ती आजही आहेत. १७ ते २३ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेतील मुख्य चरण ‘ओ’ या उद्गाराने सुरू होतात. त्यावरून पोर्तुगीज लोक तिला ‘ओ ची माता’ असे म्हणतात. वाट पाहून थकलेल्या बाईच्या तोंडून जो उद्गार निघतो तो याहून फारसा वेगळा नसावा, असे आम्हांस आपले वाटते. आमच्या देवळात अशी मूर्ती नाही. पण आज पुढल्या बाकांवर नजर टाकिली, तर ती असावयास हवी होती असेही वाटत नाही.

शतकमहोत्सव-समितीने आम्हांस या देवळाच्या शंभर वर्षांच्या इतिहासावर बोलावयास सांगितले होते. ते काम जाणकार मंडळी या स्मरणिकेत करणारच आहेत. आम्ही इतिहासाच्या मागे लागून एवढेच केले की, कपाटातील जुनी स्नानसंस्काराची व दफनाची पुस्तके काढून एक अख्खा उपवासकाळ वाचीत बसलो. ती पाने वाळवीने चाळणीसारखी झाली आहेत. एका पुस्तकातील नाव तीन दिवसांनी, तीन आठवड्यांनी दुसऱ्या पुस्तकात सापडावे, असे पानामागून पान होते. ज्या घरांतून आज दोन-दोन मोटारसायकली उभ्या असतात, त्याच घरांतील ती नावे. हे वाचून उठल्यावर, हल्ली आपल्याकडे बाळ जन्मते आणि बहुधा जगते, या गोष्टीबद्दल आपण देवाचे पुरेसे आभार मानिले आहेत काय, असा प्रश्न मनात आला. त्यातूनच आजचे हे भाषण निघाले आहे.

यंदा देवळाला रंग दिला, कौले बदलिली, घंटेचा दोर नवा आला. मंडपावर किती खर्च व्हावा याविषयी समितीत जे दोन तट पडले, त्यांतील आम्ही कोणत्या तटाचे हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे पुनः सांगत नाही. परंतु याच वर्षी घरोघरी आणखी एक रंगकाम चालले होते, आणि घरभेटींच्या वेळी ते आम्ही पाहिले. एका घरी तरुण नवरा रात्रीच्या लोकलने विरारला उतरून, जेवून, दहा वाजता भिंत घासावयास बसे. कारण रंगाऱ्याला द्यावयाचे पैसे त्याने पाळण्यासाठी राखून ठेविले होते. एका घरी आजेसासूचा सागवानी पाळणा माळ्यावरून खाली आला, त्याच्या साखळ्यांना चिंचेने घासून उजाळा दिला गेला, आणि त्याची एक दांडी किड्याने पोखरली आहे असे दिसताच सर्व घर असे हळहळले की जणू माणूसच आजारी पडले. स्टेशनाजवळील चाळीत भाड्याच्या एका खोलीत राहणारे एक जोडपे आहे. तेथे वेगळी खोली कोठून यावयाची? खिळ्याला एक स्वच्छ पिशवी टांगलेली होती. तीत चार झबली, दोन टोपडी, धुऊन मऊ केलेल्या धोतराचे लंगोट, आणि वेखंडाचा एक तुकडा. मुलगी आम्हांस म्हणाली, “फादर, एवढेच घर तयार आहे.” आम्ही पिशवीवर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. आजवर दिलेल्या घरांच्या आशीर्वादांत तो आम्हांस विशेष आठवतो.

आता एका जुन्या समजुतीविषयी बोलावयाचे आहे. बाळ जन्मण्यापूर्वी त्याच्यासाठी काही विकत आणू नये, आणि रिकामा पाळणा हलवू नये, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे म्हणतात. शेजारच्या हिंदू बंधूंच्या घरीही तेच सांगतात. आम्ही सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो तेव्हा अशा गोष्टी ऐकिल्या की आमच्या अंगाचा तिळपापड होई. ही अंधश्रद्धा आहे, हा देवावरचा अविश्वास आहे, असे आम्ही व्यासपीठावरून ठणकावून सांगत असू, आणि पुष्कळ म्हाताऱ्या बायका मान खाली घालून ते ऐकून घेत. आज पन्नाशी उलटल्यावर आम्ही तसे बोलत नाही. समजूत चुकीची आहे हे खरेच. पाळण्याला झोका दिल्याने कोणाचे आयुष्य कमी होत नाही. पण ज्या घरात हा नियम फार कडक पाळिला जातो, त्या घरात थोडे उकरले तर त्या नियमाखाली बहुधा एक लहानसे थडगे सापडते.

याच वर्षी असे एक थडगे आमच्यापुढे उघडे झाले. ज्या आजींचे ते आहे, त्या आज येथे बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीने, किंबहुना त्यांच्या आग्रहाने, आम्ही ते सांगत आहो. नाव सांगत नाही. आजी आपल्या बोलीत बोलल्या, ते आम्ही शिष्ट भाषेत देत आहो, त्यामुळे त्यातील बरेचसे मीठ निघून गेले आहे, याबद्दल त्यांनी क्षमा करावी.

त्यांची नातसून पहिलटकरीण. नोव्हेंबरच्या आरंभी आम्ही त्या घरी गेलो तेव्हा खोली सजली होती. खिडकीला जाळी बसविली होती, भिंतीवर संत अन्नाचे चित्र होते, कोपऱ्यात शेगडी व पाट आणून ठेविला होता. बाळाचे आजोबा खोबऱ्याचे तेल कोणत्या घाण्यावरून आणावे याचे धोरण समजावून सांगत होते. सर्व माणसे त्या खोलीत दाटीवाटीने उभी राहिली, आणि आजी मात्र उंबऱ्याबाहेर. आम्ही म्हणालो, “आजी, आत या. प्रार्थना करू.” त्या म्हणाल्या, “तुम्ही करा, फादर. मला येथून ऐकू येते.” नातसून हळूच म्हणाली की, दोन महिने आजींनी या खोलीत पाऊल टाकिलेले नाही, बाळासाठी गोधडी शिवावयास घेतली होती, तीही अर्धी टाकून दिली आहे. तिला वाटे, आपलेच काही चुकले.

आठ दिवसांनी आजी स्वतः पापनिवेदनास आल्या. तेथे काय बोलणे झाले ते अर्थात सांगावयाचे नाही. परंतु नंतर ओसरीवर बसून त्यांनी जे सांगितले, ते असे. १९६७ सालच्या पावसाळ्यात त्यांचे पहिले मूल घरीच जन्मले. वय एकोणीस-वीस. रात्रीची वेळ, पाऊस कोसळत होता, सुईण यावयाच्या आधीच मूल बाहेर आले. ते रडले, पण फार थोडे. सासू फादरांना आणावयास कंदील घेऊन धावली. वाटेत पाणी चढले होते; ती परत येईपर्यंत सर्व संपले होते. “फादर, पाण्याचा तांब्या माझ्या उशाशी होता,” आजी म्हणाल्या. “हात लांबविला असता तर पोहोचला असता. पाणी घालावयाचे असते हे मला ठाऊक होते. आम्हांला धर्मशिक्षणात शिकविले होते. पण मला सुचले नाही. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले.”

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला दफनभूमीच्या भिंतीबाहेर, भेंडीच्या झाडाखाली पुरले. प्रार्थना झाली नाही, घंटा झाली नाही. त्या काळचा धर्मनियम तसा होता. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे स्नानसंस्काराविना मेलेल्यांस ख्रिस्ती दफन मिळत नसे. नियम होता तो होता; परंतु तो सांगणाऱ्याने त्या मुलीला जे शब्द ऐकविले ते नियमात कोठेही लिहिलेले नव्हते. ते आम्ही येथे सांगणार नाही. ज्यांनी ते उच्चारिले त्यांचाही न्याय देवाजवळ होऊन गेला असेल. मुलाचे नाव स्नानसंस्काराच्या पुस्तकात नाही, आणि दफनाच्या पुस्तकातही नाही. जी पुस्तके आम्ही एवढ्या भक्तिभावाने उपवासकाळभर वाचिली, त्यांत ते मूल नव्हतेच. पुढे आजींना चार मुले झाली, चारही जगली. देवाने एवढे दिले, तेव्हा त्या एकाविषयी बोलणे म्हणजे कृतघ्नपणा, असे समजून त्या अठ्ठावन्न वर्षे गप्प राहिल्या.

आमचाही यात एक दोष आहे, तो सांगितला पाहिजे. दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, थडग्यांवर मेणबत्त्या लागतात. आजी आपल्या माणसांच्या थडग्यांसाठी मोजून मेणबत्त्या आणीत, आणि त्यांच्या हातात नेहमी एक जास्त असे. ती घेऊन त्या भिंतीच्या कडेने चालत जात. हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले. म्हातारपणी मोजण्यात चूक होत असेल, अशी आम्ही आपली समजूत करून घेतली. विचारावयास दोन शब्द पुरले असते.

ओसरीवर आम्ही आजींना शास्त्र सांगावयास लागलो. शिकलेल्या माणसाचा हा आजारच असतो. संत ऑगस्टीनने अशा बालकांविषयी फार कठोर मत दिले. मध्ययुगातील शास्त्र्यांस ते सोसवेना, म्हणून त्यांनी ‘लिंबो’ नावाच्या स्थळाची कल्पना केली, जेथे बालकांस यातना नाहीत, पण देवदर्शनही नाही. हे मत शतकानुशतके शिकविले गेले. तथापि ते पवित्र सभेचे ठाम श्रद्धावचन कधीच झाले नाही. १९६९ च्या नव्या दफनविधीत स्नानसंस्कारापूर्वी मेलेल्या बालकासाठी प्रार्थना आली. १९८३ च्या धर्मसंहितेत, ज्या मुलाचा स्नानसंस्कार करण्याचा आईबापांचा हेतू होता त्यास बिशपांच्या अनुमतीने ख्रिस्ती दफन द्यावे असे ठरले. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात अशी बालके देवाच्या दयेवर सोपवावी व त्यांच्या तारणाची आशा धरावी असे सांगितले आहे. आणि २००७ साली, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने, आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने याच एका प्रश्नावर मोठा निबंध प्रसिद्ध केला. अशा बालकांचे तारण होते अशी आशा बाळगण्यास भक्कम आधार आहे, हा त्याचा निष्कर्ष. तो आयोग ‘आशा’ म्हणतो, ‘खात्री’ म्हणत नाही, हेही आम्ही प्रामाणिकपणे सांगितले.

आजींनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग विचारिले, “म्हणजे त्या वेळी मला सांगितले ते खोटे होते का, फादर?”

सेमिनरीतील सारी वर्षे पाठीशी असूनही आम्हांस झटकन उत्तर सुचले नाही. ‘मत होते, श्रद्धावचन नव्हते’ हा भेद पुस्तकात फार सुबक दिसतो. जिच्या मुलाला भिंतीबाहेर पुरले तिच्यापुढे तो उच्चारावयास जीभ वळत नाही. शेवटी आम्ही म्हणालो, “आजी, आम्हांला जेवढे ठाऊक होते त्याहून जास्त आम्ही बोललो. देवाची दया कोठे संपते हे सांगण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला नव्हता. तुम्हांला दुखविणारा आमच्याच झग्यातला होता. त्याच्या वतीने आम्ही क्षमा मागतो.” त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणि तांब्या?” आम्ही म्हणालो, “बाळंतीण होऊन घटकाही न झालेल्या एकोणीस वर्षांच्या पोरीकडून देव हिशेब मागत नाही.” यावर त्या रडल्या, आणि ते रडणे अठ्ठावन्न वर्षांचे असल्यामुळे त्याला वेळ लागला.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही, आजी, त्यांचा मुलगा, नातू व नातसून असे दफनभूमीत गेलो. बिशपांकडून अनुमती घेतली होती. एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. काही वर्षांपूर्वी दफनभूमी अपुरी पडू लागली म्हणून भिंत पाडून चार वाव पुढे बांधिली, हे आपणांस आठवत असेल. भेंडीचे झाड राहिले. ते आता भिंतीच्या आत आहे. नव्या जागेला आशीर्वाद आम्हीच दिला होता, तेव्हा त्याखाली कोण निजले आहे हे ठाऊक नव्हते. लेवीयांच्या ग्रंथात ज्युबिलीच्या वर्षाविषयी सांगितले आहे की, पन्नासाव्या वर्षी प्रत्येकाने आपल्या वतनाकडे व आपल्या कुळाकडे परत जावे. आमच्या देवळाच्या दोन ज्युबिल्या होऊन गेल्या, तेव्हा हा लहानगा परत आला. आजींनी त्या दिवशी मुलाचे नाव आम्हांस सांगितले. ते त्यांनी तेव्हाच ठरविले होते व आजवर कोणाजवळ, यजमानांजवळही, उच्चारिले नव्हते. संस्काराच्या पुस्तकात ते लिहिता येत नाही, म्हणून आम्ही ते धर्मग्रामाच्या रोजनिशीत, तारखेसह, शाईने लिहून ठेविले आहे.

तेथेच झाडाखाली आम्हांस शूनेम गावच्या बाईची गोष्ट आठवली. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात ती आहे. तिने व तिच्या पतीने अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर लहानशी खोली बांधिली. पलंग, मेज, चौरंग व समई एवढे सामान त्यांनी तेथे ठेविले. त्या बाईस मूल नव्हते. पुढल्या वर्षी तुझ्या कुशीत मुलगा असेल असे संदेष्ट्याने सांगताच ती म्हणाली की, मला फसवू नका. कृतज्ञतेचे पहिले वचन असे भित्रे असू शकते हे शास्त्राला मान्य आहे, हे आमच्या भगिनींनी लक्षात ठेवावे. मुलगा झाला, वाढला, आणि एके दिवशी शेतात डोके दुखू लागून दुपारी आईच्या मांडीवर मेला. तिने त्याला उचलून त्याच खोलीत, त्याच पलंगावर निजविले, दार लोटून घेतले, आणि अलीशाचे पाय धरावयास गेली. मूल उठले हे आपण सर्व जाणतो. परंतु आम्हांस त्या आधीचा प्रसंग अधिक विचार करावयास लावितो. देवमाणसासाठी सजविलेल्या खोलीतच तिने आपले दुःख नेऊन ठेविले, आणि देवाला जाब विचारावयास ती देवाकडेच गेली.

आजींसारख्या आया पवित्र सभेने वेदीवरही चढविल्या आहेत. फ्रान्समधील आलांसों गावी लेस विणणारी झेली मार्टिन हिला नऊ मुले झाली. त्यांपैकी चार तिने लहानपणीच पुरली. तरीही नवव्या खेपेस तिने पुनः पाळणा सिद्ध केला. ते मूल २ जानेवारी १८७३ रोजी जन्मले, इतके अशक्त की सुमारे एक वर्ष त्याला खेड्यातील दाईकडे ठेवावे लागले. तीच आपली लिझ्यूची संत तेरेझा, जिची तसबीर आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. झेली व तिचा पती लुई यांस २०१५ साली जोडीने संतपद मिळाले. त्या नवव्या पाळण्याच्या वेळी तिच्या मनाला भीती शिवली नसेल, असे समजण्याचे कारण नाही.

आणि आमची देवमाता? नाझरेथच्या घरी सुतार योसेफाने पाळणा घडविला होता की नाही हे शास्त्र सांगत नाही. घडविला असेल, तर तो तेथेच राहिला. नावनिशीच्या हुकुमामुळे त्यांना बेथलेहेमची वाट धरावी लागली, आणि बाळ निजले गव्हाणीत. तयारी वाया गेली म्हणा ना. पण संत लूक एक बारीक गोष्ट टिपून ठेवितो. तिने बाळाला बाळंत्यांनी गुंडाळिले. परमुलखात, परक्याच्या गोठ्यात बाळंते आली कोठून? तिने ती गाठोड्यात घेतली असली पाहिजेत. घर मागे राहिले, पण घराचा तेवढा तुकडा तिने बरोबर आणिला होता. चाळीतील त्या खिळ्यावरच्या पिशवीकडे पाहताना आम्हांस हेच आठवले होते.

आता काही घरगुती गोष्टी. पुरुषमंडळींस आम्ही फार सांगत नाही. संत योसेफाच्या तोंडी शुभवर्तमानात एकही शब्द नाही. तो उठतो, आणि करावयाचे ते करितो. भिंत रंगविणे हे करण्यासारखे आहे. संध्याकाळी गुत्त्यावर न जाणे हेही खोली सजविण्यापैकीच आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. ‘मुलगाच होवो’ असा आशीर्वाद गरोदर बाईस देण्याची जी खोड काहींना आहे, ती या ज्युबिलीत सुटली तर बरे. पोटातील मुलाचे लिंग विचारण्यास महाराष्ट्रात १९८८ पासून व साऱ्या देशात १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. पण कायदा दवाखान्याच्या दाराशी उभा राहतो, सासूच्या जिभेवर नाही. आणि जी भगिनी आज येथे आलीच नाही, कारण पुनःपुनः तिची ओटी रिकामी राहिली, तिच्या घरी या दिवसांत कोणीतरी जावे. उपदेश करावयास नव्हे. बसावयास.

आणखी एक. निकडीच्या प्रसंगी, बाळाचा जीव धोक्यात असता, कोणीही मनुष्य, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, पवित्र सभेचा हेतू मनात धरून स्नानसंस्कार करू शकतो. डोक्यावर साधे पाणी ओतावे, आणि ओतता ओतता पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा स्नानसंस्कार करितो असे म्हणावे. हे प्रत्येक घरात प्रत्येकाला पाठ असावे, बापाला तर असावेच. बाळंतिणीच्या भरवशावर ते सोडू नका. तिच्याजवळ त्या घटकेला दुसरे काम असते. आणि इतके करूनही कोणाला सुचले नाही, वेळ राहिला नाही, तर आजी काय म्हणतात ते आता त्यांना विचारा, त्या सांगतील.

आजींनी गोधडी पुरी केली आहे. आपल्या लाल लुगड्याची केली आहे, आणि मधोमध एक फिकट झालेला पांढरा चौकोन जोडिला आहे. तो कापडाचा तुकडा कोठला, हे नातसुनेने विचारिले नाही, आम्हीही विचारिले नाही. हल्ली त्या खोलीत त्यांचेच राज्य आहे असे ऐकतो. परवा शेजारच्या पोराने गंमत म्हणून पाळण्याला झोका दिला, तेव्हा त्यांनी त्याचा कान धरून बाहेर काढिले, कारण रिकामा पाळणा हलवू नये. आम्ही यावर काही बोललो नाही व बोलणारही नाही.

काल सायंकाळी त्या एक प्रश्न घेऊन आल्या होत्या. बाळाच्या स्नानसंस्काराला आमच्या विहिरीचे पाणी चालेल काय? आम्ही म्हणालो, पाणी खरे व स्वच्छ असावे, एवढाच धर्मनियम आहे. आशीर्वाद आम्ही येथे देऊ. मग म्हणाल्या, “मी ते तांब्यात आणीन.” कोणता तांब्या ते आम्हांस विचारावे लागले नाही.

आता मातांनी वेदीजवळ यावे. ज्यांना उभे राहवत नाही त्यांनी बाकावरच बसून राहावे, आम्ही तेथे येऊ. त्यांच्या यजमानांनी मागे उभे राहून त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा. आणि आजी, तुम्ही त्या खांबाआड का बसला आहा? नातसुनेजवळ या.